वजनाचा भाव आणि कामाचा भाव



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास, सीमाभागातली बोली अशा विषयांवर मान्यवर बोलून गेले आहेत. त्याच व्यासपीठावर एका होमिओपॅथीच्या डॉक्टरने जुन्या लेथ मशीनवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटणे साहजिक आहे. कार्यवाहांनी मला ‘आहार आणि आरोग्य’ असा विषय सुचवला होता. मी त्यांना म्हणालो, आरोग्यावर मी दवाखान्यात रोज बोलतो आणि लोक ते रोज विसरतात. या खेपेला लोखंडावर बोलू द्या.

माझा दवाखाना उद्यमबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बी. एच. एम. एस. होऊन मी तिथे बसलो त्याला पस्तीस वर्षे उलटून गेली. या काळात माझ्यासमोर टर्नर, फिटर, मोल्डर, पॅटर्न करणारे सुतार असे कितीतरी लोक येऊन गेले. त्यांच्या खोकल्याची आणि कंबरदुखीची हकीकत ऐकता ऐकता त्यांच्या यंत्रांची हकीकतही कानावर पडत गेली. पुढे मी स्वतः एक जुनी लेथ, एक ड्रिल मशीन आणि दोन व्हाइस घेतले व ते चालते केले. मला हे काम ज्यांनी शिकवले ते बहुतेक सगळे माझे पेशंटच. म्हणजे या विषयात डॉक्टर ते आणि शिकाऊ कंपाउंडर मी.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. जुने यंत्र दोन भावांनी विकले जाते. एक वजनाचा भाव, दुसरा कामाचा भाव. या दोहोंमध्ये फार तर अर्ध्या दिवसाच्या तपासणीचे अंतर असते. ती तपासणी कोणी करत नाही, म्हणून आपल्या गावातली धडधाकट यंत्रे घणाने फुटून भट्टीत जातात.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. बेळगावचे आणि बिडाचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. त्यातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. गावाच्या वाढीसाठी त्यांची जागा म्युनिसिपालिटीला हवी झाली, तेव्हा १९१० साली ते औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर गेले. तीच आजची किर्लोस्करवाडी. बेळगाव मात्र लोखंडाचेच राहिले. आज इथल्या फाउंड्र्यांतून आणि मशीन शॉपमधून पंपांचे, मोटारगाड्यांचे, हायड्रॉलिक सामानाचे भाग देशभर जातात. यातली कितीतरी घरे पत्र्याच्या एका शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल आणि एक व्हाइस एवढ्यावर उभी राहिली आहेत. त्या लेथ कुठे राजकोटच्या, कुठे बटाल्याच्या, कुठे हरिहरच्या, तर कुठे लिलावात घेतलेल्या विलायती होत्या.

आता त्या शेडची दुसरी-तिसरी पिढी पुण्याला, बेंगळुरूला, कोणी परदेशात आहे. काम सीएनसीवर गेले. वडील गेले की दिवसकार्य आटोपून मुले परत जाण्याच्या आत शेड रिकामी करायची असते. मग भंगारवाल्याला फोन जातो आणि काटा येतो. यात मुलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. वडिलांनी यंत्राबद्दल त्यांना काही सांगितलेले नसते आणि काट्यावरचा आकडा कोणालाही वाचता येतो.

म्हणून आधी हे बीड कसे असते ते पाहू. बिडात शंभर भागांत साधारण दोन ते चार भाग कार्बन असतो, पोलादापेक्षा बराच जास्त. त्यामुळे ते पोलादाच्या मानाने कमी उष्णतेला, बाराशे अंशांच्या आसपास, वितळते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात पाण्यासारखे जाते. यंत्रासाठी वापरतात त्या करड्या बिडात बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. बिडावर कानस चालवून बोटांकडे पाहा, काळी पूड दिसेल. तिच्यात हेच ग्रॅफाइट असते. आमच्या औषधांच्या पेटीतही ‘ग्रॅफायटिस’ नावाची बाटली असते, तेव्हा आम्ही अगदीच अनोळखी नाही.

हे पापुद्रे यंत्राची थरथर आपल्यात जिरवतात, म्हणून बिडाच्या बेडवर कापलेल्या कामाला सफाई येते. घसरत्या भागांनाही ग्रॅफाइटचा उपयोग होतो. पण याच पापुद्र्यांमुळे बीड ठिसूळ होते. ते दाब कितीतरी सोसते. ताण आणि घाव मात्र त्याला सोसत नाहीत. पोलादाची पट्टी वाकते, बीड वाकत नाही, ते तुटते. हा स्वभाव लक्षात ठेवला की यंत्र विकत घेताना, हलवताना आणि दुरुस्त करताना काय करायचे, यातले निम्मे आपोआप कळते.

आणखी एक. ओतकाम थंड होताना जाड भाग उशिरा आणि पातळ भाग लवकर निवतो, त्यामुळे आत ताण राहतो. जुने कारखानदार ओतलेले बेड महिनोन्महिने आवारात उन्हापावसात पडू देत आणि मगच तासायला घेत. बीड लोणच्यासारखे मुरावे लागते, असे माझे मिस्त्री म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षे चाललेल्या बेडचे मुरायचे ते मुरून झालेले असते. जुन्या यंत्राची ही मिळकत काट्यावर दिसत नाही.

आता तपासणी. हानेमानचा ‘ऑर्गनॉन’ १८१० साली प्रसिद्ध झाला. त्यात रोग्याची हकीकत कशी घ्यावी यावर मोठा भाग आहे. आधी रोग्याला बोलू द्यावे, मग सोबतच्या माणसांना विचारावे, मग स्वतः पाहावे, अशी ती रीत आहे. यंत्राच्या बाबतीत सोबतचा माणूस म्हणजे ते चालवणारा कामगार. तो सापडला तर मालकाच्या आधी त्याला गाठावे. यावर काय काम होत असे? शेवटचे कधी चालले? कधी पडले होते का? कुठे वेल्डिंग झाले आहे? या चार प्रश्नांत बरेचसे निदान होते.

मग हात लावायचा. लेथचे कॅरेज चकाजवळ आणा आणि हलवून पाहा. लेथवर सगळ्यात जास्त काम चकाजवळ होते, म्हणून बेड तिथेच झिजतो. चकाजवळची ढिलाई घालवण्यासाठी जिब आवळली आणि तेच कॅरेज टेलस्टॉकच्या बाजूला नेताना अडकू लागले, तर बेड बराच झिजला आहे असे समजावे. चकात जाड सळई धरून लाकडी दांड्याने उचलून पाहा. स्पिंडल खालीवर होत असेल तर बेअरिंग किंवा बुश पाहावे लागेल. बॅक गिअरचे दात एकेक मोजा. तुटका दात हमखास खालच्या बाजूला फिरवून ठेवलेला असतो.

तडा शोधायला मडके वाजवतो तसे हलके वाजवून पाहावे. बद्द आवाज आला तर त्या जागी थांबावे. ती जागा पुसून रॉकेल लावावे, रॉकेल मिळत नसेल तर डिझेल लावावे, आणि अर्धा तास जाऊ द्यावा. मग कोरडे पुसून वर खडूची पूड फासावी. तडा असला तर त्यात शिरलेले तेल खडूवर काळसर रेघ होऊन उमटते. आमच्या एक्स-रेपेक्षा हे स्वस्त आहे.

माफ करण्यासारखे दोष कोणते? गंज, उडालेला रंग, गेलेली मोटर, फाटका पट्टा, मोडकी मूठ. पाहताना हेच सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात आणि भंगारवाला यांच्यावरच बोट ठेवून भाव पाडतो. माफ न करण्यासारखे दोष म्हणजे बेडमधला तडा, हेडस्टॉकमधला तडा, खोल झिजलेला बेड आणि हरवलेले सुटे भाग. हे शेवटचे सगळ्यात फसवे, कारण जे नाही ते डोळ्यांना दिसत नाही. त्याचीच एक हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका बंद झालेल्या शेडमधल्या लेथसाठी मला निरोप आला. घरच्या काकू माझ्या पेशंट होत्या. लेथ साडेचार फुटी बेडची, वजनाला चारशे किलोच्या आसपास, वर बोटभर जाडीचा ग्रीस आणि धूळ. मी माझ्या मिस्त्रींना घेऊन गेलो. हे निवृत्त फिटर आहेत. त्यांनी वर सांगितले ते सगळे केले आणि म्हणाले, “डॉक्टर, अंग चांगलं आहे. पण चाकं कुठं आहेत?” लेथवर आटे पाडताना वेगवेगळ्या मापांसाठी गिअरची चाके बदलावी लागतात. त्या चाकांचा संच यंत्रापासून वेगळा असतो. शेडमध्ये तो कुठेच नव्हता. काकू म्हणाल्या, “माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात काहीतरी जड होतं बघा. परवा रद्दीवाल्याला दिलं.” मिस्त्री तडक उठले आणि त्या रद्दीवाल्याच्या दुकानातून डबा सोडवून आणला. आत चौदा चाके होती. त्यातले सगळ्यात मोठे चाक त्यांनी चिंधीने पुसले, दात मोजले आणि माझ्या हातात दिले. एकशे सत्तावीस दात.

हा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. जुन्या लेथचा लीड स्क्रू इंचाच्या मापाचा असतो. आपल्या देशात मेट्रिक वजने आणि मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि कारखान्यांत मिलिमीटरचे आटे मागितले जाऊ लागले. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. २५.४ ला ५ ने गुणले की १२७ होतात. म्हणून गिअरच्या साखळीत १२७ दातांचे एक चाक बसवले की इंचाची लेथ तंतोतंत मिलिमीटरचे आटे पाडते. १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे त्याहून लहान चाकावर हा हिशोब काटेकोर बसत नाही. म्हणजे ते चाक दोन मापांमधला दुभाषा आहे. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि बाजारात दोन्ही असे पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेल्या आपल्यासारख्यांना त्याची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. वजनाच्या भावात ते चाक दीड-दोन किलोचे होते. कामाच्या भावात त्याच्याशिवाय ती लेथ अर्धी मुकी होती.

यंत्र घेतल्यावर पहिला धोका वाहतुकीत असतो. लेथचे वजन वरच्या बाजूला जास्त असते, त्यामुळे ती सहज कलंडते. कॅरेज आणि टेलस्टॉक शेवटाकडे सरकवून आवळावेत किंवा सरळ काढून ठेवावेत. दोर बेडला बांधावा, लीड स्क्रूला कधीही नाही. पाइपच्या तुकड्यांवरून सरकवत न्यावी आणि पडू लागली तर सावरायला कोणी मध्ये जाऊ नये. माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी हमालांनी घाईत यंत्र टेम्पोतून वीतभर उंचीवरून सोडले. त्याचा एक पाय बेडसकट उडाला. साठ वर्षे टिकलेले यंत्र वीतभर पडण्याने भंगारात गेले.

आता दुरुस्ती. खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्यावेत. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. अडकलेल्या बोल्टला पातळ तेल द्यावे आणि रात्र जाऊ द्यावी. न निघाल्यास थोडी उष्णता द्यावी आणि पुन्हा तेल. टेपर पिन एकाच बाजूने निघते, तेव्हा तिचे बारीक टोक कुठले ते आधी पाहावे. काही आटे डावे असतात, त्यांची दिशा नीट पाहूनच पाना लावावा. हातोडा तांब्याचा किंवा लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून. इथे बळ लावणाऱ्याचे नुकसान होते आणि वाट पाहणाऱ्याचा फायदा.

गंज काढायचे दोन उपाय मी वापरले आहेत. पहिला आपल्या ऊसपट्ट्यातला आहे. जनावरांच्या खुराकात घालतात ती मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिश्रण करून त्यात सुटे भाग बुडवून ठेवायचे. आठवडा-दोन आठवड्यांत गंज सुटतो. वास गुऱ्हाळाच्या मागच्या अंगणासारखा येतो, म्हणून भांडे परसात ठेवावे आणि घरच्यांची परवानगी आधी घ्यावी. अधूनमधून भाग काढून पाहावा, विसरू नये. अॅल्युमिनियमचे भाग यात घालू नयेत.

दुसरा उपाय विजेचा. प्लॅस्टिकच्या टबात लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला आणि धन बाजू साध्या लोखंडाच्या फालतू तुकड्याला. हे दोन एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. यात हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करावे, जवळ ठिणगी नको, आणि चार्जर बंद केल्याशिवाय हात घालू नये. गंज निघालेला भाग धुऊन लगेच कोरडा करून तेल लावावे. आपल्या पावसाळ्यात तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते. डॉक्टर म्हणून आणखी एक सांगतो: जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासून धूळ उडवू नये. ओला करून खरवडावा आणि लहान मुलांना लांब ठेवावे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे, म्हणजे कुठे थांबायचे. नव्या उत्साहात माणूस ग्राइंडर घेतो आणि बेडवर फिरवतो. बेड चकचकीत दिसतो आणि त्याच क्षणी यंत्र म्हणून संपतो. बेडची सपाटी कोणीतरी निळा रंग लावून, टेकलेली जागा पाहून, हाताने खरडत खरडत आणलेली असते. ग्राइंडर ती पाच मिनिटांत घालवतो. बेडला तेल, बारीक घर्षणकागद आणि धीर एवढेच द्यावे. आमच्या शास्त्रात कमीत कमी मात्रा द्यावी असे सांगितले आहे. औषधाबद्दल आपले मत काहीही असो, बिडाच्या बाबतीत तो नियम मी बिनदिक्कत सांगतो.

तडे जोडण्याचेही असेच. बीड जोडता येते. आधी तापवून, निकेलच्या कांडीने थोडे थोडे जोडून, चुन्यात किंवा राखेत पुरून हळूहळू निववले तर. पितळेने झाळूनही मूठ, झाकण, पट्ट्याचे चाक असे भाग सावरतात. मात्र चाक वेगाने फिरणारे असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय लावू नये. बेडवर असा प्रयोग करू नये.

उभारणी करताना यंत्र जमिनीवर पीळ न पडता बसले पाहिजे. चारशे किलोचा बेडही ओबडधोबड जमिनीवर बोल्ट आवळले तर पिळवटतो. लेव्हल लावून पाचरी द्याव्यात, मग एका सळईवर अंतर ठेवून दोन कडी तासावीत आणि मायक्रोमीटरने मोजावीत. दोन्ही सारखी भरली की यंत्र नीट बसले. उघड्या पट्ट्यांवर आणि गिअरवर जाळी बसवावी. जुन्या काळी ती नसे आणि त्या काळच्या कामगारांची बोटे मी पाहिली आहेत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, एवढ्या खटाटोपापेक्षा नवीन घेतलेले बरे नव्हे का? ज्याला रोज शंभर नग काढायचे आहेत त्याने नवीनच घ्यावे. पण दुरुस्तीचे दुकान घालणारा मुलगा, शेतीच्या अवजारांचे काम करणारा लोहार किंवा सुतार, यांच्या एकेका नगाच्या कामाला चांगली जुनी लेथ आणखी तीस वर्षे पुरते.

दुसरा आक्षेप माझ्या घरातूनच आला. आम्ही जैन. परिग्रह कमी करावा असे रोज ऐकायचे आणि शेडमध्ये टनभर लोखंड जमवायचे, हे कसे? प्रश्न रास्त आहे. त्यावर मी स्वतःला एक मर्यादा घालून घेतली आहे. जे यंत्र चालणार आहे तेच घ्यायचे आणि वर्षभरात ज्याला काम मिळाले नाही ते कामाच्या माणसाला देऊन टाकायचे. त्या हिशोबाने दोन व्हाइसपैकी एक आज एका आयटीआय झालेल्या मुलाच्या टेबलावर आहे. रंगवून दिवाणखान्यात ठेवलेले यंत्र मला भंगारात गेलेल्या यंत्राइतकेच वाया गेलेले वाटते.

आणि ज्याचा बेडच फुटला आहे, त्याला खुशाल भट्टीत जाऊ द्यावे. बीड पुन्हा वितळते, पुन्हा साच्यात जाते. आमच्या स्वाध्यायात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य असे तीन शब्द येतात. रूप जाते, नवे येते, द्रव्य राहते. त्यात शोक करण्यासारखे काही नाही. शोक करावा तो उपयोगी रूप निष्कारण मोडल्याचा.

शेवटी, ही घाई कशासाठी ते सांगतो. यंत्रे आणखी काही वर्षे थांबतील, ती जाणणारी माणसे थांबणार नाहीत. हाताने बेड खरडणारे मिस्त्री मी आता एका हाताच्या बोटांवर मोजतो आणि सगळे सत्तरीपुढचे आहेत. आवाज ऐकून कुठला बुश गेला हे सांगण्याची विद्या कुठल्याच पुस्तकात पूर्ण उतरलेली नाही. म्हणून माझी आपल्याला तीनच मागणी आहेत. घरातली शेड, माळा किंवा जुना वाडा रिकामा करताना काटा बोलावण्याआधी एखाद्या निवृत्त फिटरला बोलवा आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. यंत्राजवळचे सुटे भाग, डबे, खोकी, काय आहे ते कळत नसले तरी यंत्राबरोबरच ठेवा. आणि तो मिस्त्री यंत्र तपासत असताना घरातल्या एखाद्या तरुणाला शेजारी उभे करा, वही देऊन. तो कुठल्या भागाला काय म्हणतो, काय विचारतो, कुठे थांबतो, ते लिहून घेऊ द्या. आपल्या मंडळाकडे अशा वह्या जमा झाल्या तर त्या पुढच्या व्याख्यानासाठी माझ्यापेक्षा बरा वक्ता ठरतील.